मामा यायच्या आधी

माय, तुझी नात आत्ता माझ्यासमोर बसून माझ्या चपलेचा पट्टा चावून राहिली हाय. मी दोनदा चप्पल काढून घेतली अन् खाटेखाली सरकवली, दोनदा ती रांगत गेली अन् घेऊन आली. तिसऱ्यांदा मी चप्पल धुऊनच दिली तिला. अकरा महिने झाले. चार दात आलेत, बाकी सगळा हट्ट हाय. तुला जाऊन बी अकराच वर्षं झाली, हे लिहिता लिहिता ध्यानात आलं. तू गेलीस तवा मी दहावीला होतो, कावीळ म्हंजी दोन आठवड्यात उतरती असं मला वाटायचं.

तुला सांगायचं ते हे, की तुझी सून ऑगस्टपासून नांदेडला नर्सिंगच्या हॉस्टेलवर हाय. तीन वर्षांचा कोर्स. पंधरा दिवसाला एकदा शनिवारी येती अन् रविवारी दुपारच्या एस्टीनं जाती. लेकरू माझ्याजवळ, बाबांजवळ अन् आत्याजवळ. मी कॉम्प्युटरचा क्लास चालवतो, सकाळी अन् संध्याकाळी, मधला सगळा दिवस पोरगी माझी. गल्लीत कोणाला वाटत न्हाई की हे टिकंल. तोंडावर कोणी बोलत न्हाई, पण भेटलं की पहिला सवाल हाच, "आली का मग सूनबाई परत?" जसं काही ती बाजाराला गेली अन् पिशवी विसरली.

त्यांचं बी खरं हाय म्हणा. त्यांनी आपल्या घरातली गोष्ट ऐकलेली. लग्न असो, बारसं असो, चार माणसं बसली की कोणीतरी काढतंच: ह्या पोरानं मायची नोकरी खाल्ली. मी सात महिन्यांचा असताना तुझा नंबर लागला नर्सबाईच्या ट्रेनिंगला. शिरड शहापूरच्या आपल्या वस्तीत दहावी झालेली सून तू एकटी. मला आजीजवळ ठेवून तू नांदेडला गेलीस, मी आठ दिवस बोंबललो, तोंडात काही घेतलं न्हाई, नवव्या दिवशी बाबा गेले अन् तुला घेऊन आले. एवढीच गोष्ट. सगळे हसायचे. म्हणून तुझी सून जवा म्हणली, "माझं नाव लागलंय लिस्टीत," तवा घरातल्या सगळ्यांनी पहिलं माझ्याकडं बघितलं अन् मग पाळण्याकडं. मी तिथंच ठरवलं, ह्या बारीला न्हाई. ही पोरगी तिच्या मायची नोकरी खाणार न्हाई. मी हे असं ठरवलं जसं मी सगळं ठरवतो. पहिल्या दिवशी लई जोरात.

तू मला आठवतीस ती त्या बाळंतिणींच्या दवाखान्यातली. आपण हिंगोलीत मोंढ्यामागं खोली केली होती, बाबा मोंढ्यात हमाली करायचे अन् हळदीच्या सीझनला त्यांचा शर्ट धुतला की बादली पिवळी व्हायची. तू दवाखान्यात मावशी. मी शाळेतून येतो, टाय काढून दप्तरात कोंबतो, कारण गल्लीतली पोरं टायला धरून ओढतात, अन् दवाखान्याच्या मागच्या दारानं आत येतो. तू मोरीजवळ उभी हायस. डाव्या हातावर पालथं लेकरू, दोन दिवसांचं, उजव्या हातानं कोमट पाणी. त्याची आजी बाजूला उभी राहून जीव मुठीत धरून म्हणती, "अहो मावशी, पडंल, घट्ट धरा." तू वर न बघता म्हणतीस, "घट्ट धरलं की रडतं बाई. खाली हात असला की पुरं." लेकरू खरंच गप हाय. तुझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान नर्स आतून हाक मारती, "मावशी, फडकं आणा," अन् तू लेकरू आजीजवळ देऊन फडकं आणायला जातीस. मी भिंतीला टेकून बघतो. मला तवा फक्त एवढंच कळायचं की तिनं तुला हाक मारायला नको होती.

म्हणून तर मी ते खोटं लिहिलं. तिसरीत निबंध होता, माझी आई, इंग्रजीत. मी लिहिलं, माझी आई नर्स हाय. तुला वाचून दाखवला, ऐटीत. तुला सगळं कळायचं न्हाई, पण तेवढा शब्द कळला. तू पीठ मळून राहिली होतीस, हात थांबला.

"नर्स काहून लिहिलं?"

"असंच."

"मी मावशी हाय. खोड ते."

"मावशीला इंग्रजीत शब्द न्हाई."

"मग मावशीच लिही. तुझ्या बाईला सांग, हिंगोलीत मावशी असती."

मी रबर घेतलं अन् खोडलं, कागद फाटला तिथं. तू पिठाच्या हातानं माझ्या पाठीत एक घातलीस, लागण्यासारखी न्हाई, पण युनिफॉर्मवर पांढरी पाच बोटं उमटली अन् दुसऱ्या दिवशी तोच युनिफॉर्म होता. मार मी विसरलो असतो. नंतर तू बराच वेळ काही बोलली न्हाईस, ते विसरलो न्हाई. त्याच आठवड्यात तू मला दवाखान्यातली सलाइनची रिकामी बाटली उकळून, स्वच्छ करून दिलीस, शाळेत पाणी न्यायला, गळ्यात अडकवायला तिला पट्टी शिवली होतीस. वर्गात सगळ्यांजवळ रंगीत बाटल्या. मी ती वर्षभर दप्तरातून बाहेर काढली न्हाई, नळाला तोंड लावून पाणी प्यालो. ते बी आता सांगून टाकतो.

तर पोरगी झाली थंडीत. मी औरंगाबादहून एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं, लेकराचं पहिलं वर्ष, महिन्या-महिन्यानं. कोणत्या महिन्यात मान धरती, कवा पालथी पडती, कवा बसती. मी कॉम्प्युटरवर त्याचा चार्ट केला, रंगीत प्रिंट काढली अन् पाळण्याच्या वर चिकटवली. पोरगी साडेतीन महिन्यांची असताना पालथी पडली तर मी क्लासमधून पळत आलो, चार्टवर टिक करायला. बाबा म्हणले, "तिला बघ आधी. टिक कुठं जाती?" तिचा एक हात अंगाखाली अडकला होता अन् ती नाकानं चादर घासून राहिली होती. मी हात सोडवायला गेलो तर तिनं स्वतःच वळवळून काढला.

चार्टमध्ये सहाव्या महिन्याला लिहिलं होतं, वरचं खाणं सुरू. मला ते लई महत्त्वाचं वाटायचं, कारण ऑगस्टमध्ये हॉस्टेल. त्याच्या आत पोरगी वाटीनं प्यायला अन् घास खायला शिकली तरच सगळं जमणार. पण तुझी सून अडून बसली. उष्टावण मामानं करायचं, पहिला घास त्याच्याच हातचा. मामा म्हंजी तिचा भाऊ, फौजेत, पार तिकडं बर्फात, दिवाळीशिवाय सुट्टी न्हाई.

मी म्हणलं, "तू बारावी सायन्स हायस."

"हाय ना. सायन्सवाल्यांना भाऊ नसतो का?"

"तो दिवाळीला येणार. तू ऑगस्टला जाणार. मधी काय करायचं?"

"दूध हाय की."

"नुसतं दूध? पुस्तकात लिहिलंय..."

"पुस्तकाला सांग माझा एकच भाऊ हाय," ती म्हणली अन् कपडे वाळत टाकायला गेली. तिचे वडील तिच्या लहानपणीच गेले, त्या भावानंच तिला शिकवलं. मला ते माहीत होतं म्हणून मी पुढं बोललो न्हाई. पण मी हिशेब करून बसलो होतो अन् दिवस जाऊन राहिले होते.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला आमी गावी गेलो. विहारात खीर होती, पळसाच्या द्रोणात, सगळ्यांना. पोरगी माझ्या मांडीवर, माझा द्रोण तिच्या पुढं सतरंजीवर, अन् मी शेजारच्या माणसाला चार्टबद्दल सांगून राहिलो होतो. माझ्या लक्षात आलं तवा तिचा हात मनगटापर्यंत खिरीत होता. मग तो हात तोंडात. तोंड वाकडं झालं, भुवया वर गेल्या, ती थांबली, जसं काही कोणी तिला काही विचारलंय अन् ती जवाब शोधून राहिली. अन् परत हात खाली.

आत्या समोरून म्हणली, "अगं बया. हिनं तर उष्टावण उरकून घेतलं."

तुझी सून बायकांच्या बाजूला बसली होती. उठली, दोन पावलं आली अन् मधीच उभी राहिली. बाबांनी द्रोण सरकवायला हात पुढं केला अन् मागं घेतला. म्हणले, "आता हे कोणाच्या हातचं धरायचं?"

"कोणाच्या म्हंजी?" आत्या म्हणली. "हात कोणाचा हाय?"

आजूबाजूचे हसले. तुझी सून हसली न्हाई. पदरानं पोरीचं तोंड पुसलं, उचललं अन् अर्धा तास माझ्याशी बोलली न्हाई, जसं काही मी द्रोण मुद्दाम तिथं ठेवला होता. मी न्हाई ठेवला, माय. ठेवायचं सुचलं असतं तर ठेवला असता. रविवारी तिच्या भावाचा फोन आला तवा तिनं रडत रडतच सांगितलं. तो इतका हसला की फोनच्या बाहेर ऐकू आलं. म्हणला, "मामाच्या आधीच जेवली? बरं. जावळ माझ्या मांडीवरच काढायचं, सांगून ठेव तिला. तवा स्वतःच कैची घेतली तर मग बघतो." तुझ्या सुनेनं डोळे पुसले अन् मला म्हणली, "आता काय ते मऊ भात-बित कर तुझा."

पण पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गावातच दुसरी गोष्ट झाली. आत्या चुलीपुढं भाकरी थापून राहिली होती, मी पोरीला घेऊन बाजूला बसलो होतो. आत्या सहज म्हणली, "तुझ्यापुढं असं कोणी खीर ठेवून इसरलं असतं, तर तुझी माय नर्स राहिली असती बघ."

मी म्हणलं, "काहून? मी रडलो म्हणून आली ना ती?"

"रडला. पण काहून रडला ते कोणी इचारलं? उपाशी होता म्हणून रडला. तुझा मामा गेलता ऊसतोडीला. उष्टावण राह्यलेलं. सात महिन्याचं दणकट लेकरू अन् नुसतं शेळीचं दूध. वाटी लावली की थुंकायचा. आमी जेवाय बसलो की ताटाकडं बघून किंचाळायचा. मी तवा बारा वर्षांची. एकदा वरणात भाकर कुस्करली अन् बोट लावलं तुझ्या तोंडाला. तू असं धरलं माझं बोट, सोडीना. तुझ्या आजीनं बघितलं अन् हातावर उलथनं हाणलं. म्हणली, मामाच्या आधी घास दिला तर लेकरू मुकं निघंल." तिनं भाकर तव्यावर टाकली. "वाईट नव्हती रे ती. तिला बी कोणीतरी तसंच सांगितलेलं."

"मग माय परत आली तवा कोणी सांगितलं न्हाई तिला?"

"तिनं आल्या आल्या पाजलं, तू गप झालास. सगळे म्हणले, बघा, माय पाहिजे होती. मग कोण काय इचारतंय? मामा आला उन्हाळ्यात. खीर चारायला बसला तर तू वाटीच हिसकली त्याच्या हातातनं. तवर तुझ्या मायची जागा दुसरीला गेली होती."

मी पोरीला घेऊन बाहेर गेलो. मला राग आला होता अन् राग काढायला कोणी सापडंना. आजी गेलेली. मामा बिचारा कोयता घेऊन कुठल्या तरी फडात, त्याला काय माहीत गावात एक लेकरू त्याची वाट बघून उपाशी हाय. अन् तू. तू नंतर इतकी वर्षं दवाखान्यात होतीस, डोस पाजायला आणलेली सहा-सहा, सात-सात महिन्यांची किती लेकरं बघितली असशील, मायच्या ताटावर झेपावणारी. तुला कळलं असंलच कवातरी. मोरीजवळ उभी असताना, एखाद्या दिवशी, अचानक. तू घरी येऊन आजीला काही बोलली न्हाईस, मला बी न्हाई. लोक म्हणायचे, ह्यानं मायची नोकरी खाल्ली, अन् तू ताटं वाढायचीस.

ऑगस्टमध्ये तुझी सून गेली. तवर पोरगी वाटीनं दूध प्यायला शिकली होती, निम्मं तोंडात अन् निम्मं गळ्यात. बसायची बिनटेक्याची. रांगायला लागली ती उलटी, पुढं जायला बघायची अन् मागं मागं जाऊन खाटेखाली अडकायची, मग तिथून शिव्या दिल्यासारखी ओरडायची. पहिले चार दिवस दूध पाजताना मी तुझ्या सुनेची न धुतलेली ओढणी अंगावर घ्यायचो, वास यावा म्हणून. हे पुस्तकातलं न्हाई, आत्याचं. शेजारची बाई दारातून म्हणायची, "काय मास्तर, ब्लाउज कवा शिवायचं?" मी म्हणायचो, "माप घ्या," अन् ती पळायची. पाचव्या दिवशी पोरीनं ती ओढणी ओढून खाली टाकली अन् वाटीकडं हात केला. मग मी बी घेणं बंद केलं. सप्टेंबरात उंबरा ओलांडला. पोट उंबऱ्यावर, डोकं बाहेर, पाय आत, पाच मिनिटं तशीच लटकली, मी हात न लावता बघितलं. तेवढं मला जमायला लागलं होतं, असं मला वाटायचं.

दसऱ्याच्या मागंपुढं तिनं खाणं सोडलं. दात येऊन राहिले होते. पहिल्या दिवशी मी म्हणलं, होतं असं. दुसऱ्या दिवशी सकाळचा भात थुंकला, दुपारचं वरण थुंकलं, दूध दोन घोट. मी चमचा घेऊन, आत्या खुळखुळा घेऊन, बाबा टाळ्या वाजवून, तिघं तिच्यापुढं. तिनं तोंड असं मिटलं की ओठच दिसंनात. मी चमचा लावला की मान फिरवायची अन् किंचाळायची. मी गाल दाबून एक घास आत ढकलला. तिनं माझ्याकडं असं बघितलं, माय, की मी चमचा खाली ठेवला.

बाबा उठले. खुंटीवरची टोपी घातली, पायात चपला सरकवल्या. मी म्हणलं, "कुठं?"

"नांदेडला जाऊन येतो. चारची एस्टी सापडंल."

मी दारात उभा राहिलो. "बाबा, बसा."

"लेकरू उपाशी हाय."

"तिची परीक्षा हाय सोमवारी. तुमी गेले की ती येणार. आली की जाणार न्हाई."

"तू सरक." बाबांचा आवाज चढला न्हाई, उतरला. "तवा बी मीच गेलतो. मला काय हौस व्हती? तुझी माय हॉस्टेलच्या गेटवर आली, मला बघितलं, एक शब्द इचारला न्हाई. आत गेली अन् ट्रंक घेऊन आली. वसमतपर्यंत बोलली न्हाई. वसमतला म्हणली, पुस्तकं कोणाला देऊ नका, मी परत येणार हाय." त्यांनी टोपी नीट केली. "सहा महिने पुस्तकं तशीच व्हती ट्रंकीत. मग तिनंच दिली कोणाला तरी."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी दारातून हललो न्हाई. बाबांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं अन् हॉस्टेलला फोन लावला. तिथल्या बाईंनी तुझ्या सुनेला बोलवून आणायला किती वेळ लावला देवाला ठाऊक, तवर मी मनात दोन वाक्यं तयार केली होती, सगळं बराबर हाय, अन् पोरगी मजेत हाय. तिचा आवाज आला अन् दोन्ही वाक्यं गेली. मी म्हणलं, "कालपासून खाऊन न्हाई राहिली."

ती म्हणली, "येऊ का?"

"न्हाई. तू सांग काय करू. नर्स तू हायस."

"अजून झाले न्हाई."

"मग जितकी झालीस तितकं सांग."

तिनं विचारलं, ताप हाय का, लघवी करती का, पाणी पिती का. मी सांगत गेलो. ताप न्हाई, बाकी व्हय. मग विचारलं, "चारतो कशानं?"

"चमच्यानं. पुस्तकात..."

"किती जण बसता पुढं?"

मी मोजलं. "तिघं."

"तीन माणसं मिळून एका लेकराच्या तोंडात कोंबून राहिलेत अन् वर विचारतात खाईना काहून. ताटलीत ठेव. भाकर, वरण, जे असंल ते. तिच्यापुढं सरकव अन् उठून बाहेर जा."

"सांडंल."

"सांडू दे. तिला हात हायत," ती म्हणली. मग आवाज जरा बदलला. "अन् संध्याकाळी फोन कर. विसरू नको. मी फोनपाशीच बसते."

मी भाकर कुस्करली, वरण घातलं, ताटली खाली ठेवली अन् आमी तिघं बाहेर पायरीवर जाऊन बसलो. आत काही आवाज न्हाई. आत्या म्हणली, बघू का? मी म्हणलं, न्हाई. मग ताटली फरशीवर घासल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच न्हाई. मग ताटली पालथी पडली. बाबांनी माझ्याकडं बघितलं, मी गुडघ्यावर हात दाबून बसलो. तो अर्धा तास जितका लांब होता तितकं माझ्या आयुष्यात काही लांब न्हाई. आत गेलो तर केसात वरण, कानात वरण, फरशीवर पिवळे पट्टे, अन् पोरगी फरशीवरची भाकर एकेक कण दोन बोटांत धरून उचलून राहिली होती, लई मन लावून. अर्धी भाकर गेली होती. मी खाली बसायला लागलो तर तिनं माझ्याकडं बघून ताटली स्वतःकडं ओढली. बाबांनी टोपी काढून खुंटीला लावली.

तुझी सून परीक्षेला बसली. त्या दिवसापासून चमचा डब्यात हाय अन् चार्ट बी मी काढून टाकला. आठव्या महिन्यापुढं त्याच्यावर टिक न्हाईत, ध्यानातच राह्यलं न्हाई.

मागच्या रविवारी तुझ्या सुनेला सोडायला आमी स्टँडवर गेलो होतो. ती नांदेडच्या एस्टीत खिडकीला बसली, मी खाली, पोरगी माझं बोट धरून उभी. बाजूला एक बाई सीताफळाची पाटी घेऊन बसली होती. पोरीनं पाटीकडं बघितलं, माझ्या बोटाकडं बघितलं, अन् बोट सोडलं. एक, दोन, तीन, अन् पाटीच्या काठाला धरून उभी. बाई म्हणली, "कोणाची गं तू? एकटीच बाजार करती का?" मी वर बघितलं. तुझी सून खिडकीत अर्धी उठली होती, एका हातात बॅग. दार अजून उघडं होतं. कंडक्टर खाली चहा संपवून राहिला होता. ती उतरली असती तर कोणी काही म्हणलं नसतं, मी तर मुळीच काही म्हणू शकलो नसतो, असं वाटलं. मी हात वर केला अन् खाली दाबला. बस.

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले होते, पण ती बसली. मग खिडकीतून तीन बोटं दाखवली, तीनच पावलं ना, असं. मी बी तीन दाखवली. घंटी झाली अन् एस्टी गेली. पोरगी रडली न्हाई, तिचं सीताफळात चाललं होतं. रडलो तो मी, अन् त्या बाईनं मला एक सीताफळ असंच दिलं, म्हणली, "होतं भाऊ. पहिल्यांदा होतं."

हे पत्र कुठं टाकायचं न्हाई, अन् तुझ्या सुनेला बी दाखवायचं न्हाई. तिची अजून पावणेतीन वर्षं हायत अन् मी दर पंधरा दिवसाला तिला असाच हात करून बसवणार हाय, त्याच्यात फरक पडणार न्हाई. पण तू त्या खिडकीत असतीस अन् मी खाली असतो, तर मी हात केला नसता, माय. मला सगळं कळलंय, तरी तू परत आलीस ते मला आवडलं होतं.